मेलेल्यांची गायन पार्टी आणि आपली वर्गणी

दोस्तहो, ही समीक्षा आहे. समीक्षकांच्या मापात ती बसत नसेल तर त्यांनी आपलं माप जरा सैल करून घ्यावं. मी चाकणच्या पुढं एका कागदाच्या मिलमध्ये कामाला आहे. ठेकेदाराच्या हजेरीवर. कविता लिहितो. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे काही वाचलं ते रद्दीतलं. आमच्या मिलला रद्दी येते, ट्रकच्या ट्रक, आणि तिचा लगदा होऊन खोक्यांचा तपकिरी कागद निघतो. त्या खोक्यांत मोटारींचे पार्ट जातात. लगदा व्हायच्या आधी जे हाताला लागतं ते माझं विद्यापीठ.

तर झालं असं. आमच्या कॅन्टीनला एक अप्रेंटिस पोरगा बसतो. डिप्लोमावाला, कानात कायम बोंडं. एक दिवस जेवताना म्हणाला, मेलेल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एकच ग्रुप करायचा झाला तर कोण कोण घ्यायचं? त्याची यादी तयारच होती. गिटारवर जिमी हेंड्रिक्स. गायला फ्रेडी मर्क्युरी आणि बॉब मार्ले. गाणी लिहायला जॉन लेनन. इंग्रजी गाण्यांच्या दुनियेत अशा याद्या करायचा नादच असतो म्हणे. मला त्यात वाईट काही वाटलं नाही. फ्रेडी तर आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला पारशी पोरगा, आणि मार्ले जमैकाच्या झोपडपट्टीतला, १९८१ साली कॅन्सरनं गेलेला. काळ्या माणसाचं गाणं आपल्याला परकं कसं असेल? १९७२ साली पँथर उभी राहिली तेव्हा नाव कुठून घेतलं होतं?

पण मग त्यानं विचारलं, "तुमच्यात कोण हाय?"

'तुमच्यात' हा शब्द तो गाण्यापुरता वापरत होता का आणखी कशापुरता, ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, उद्या सांगतो.

रात्रपाळीला तपकिरी कागदाच्या कातरणावर यादी केली. नियम एकच ठेवला, जिवंत माणूस घ्यायचा नाही. जिवंतांची नावं घेतली की भांडणं होतात, आणि जिवंत माणसाला मानधन द्यावं लागतं. मेलेला फुकट गातो.

यादी अशी झाली. वामनदादा कर्डक. अण्णाभाऊ साठे. अमर शेख. प्रल्हाद शिंदे. विठ्ठल उमप. विलास घोगरे. सहा माणसं. सकाळी सुटल्यावर मेदनकरवाडीच्या खोलीवर दोस्तांना दाखवली. मंडळाच्या सेक्रेटरीला तर इतकी आवडली की म्हणाला, १४ एप्रिलला ह्याचाच बॅनर करू, सहा फोटो, मधी बाबासाहेब. सगळे खूष. आणि तिथंच मला काहीतरी टोचायला लागलं. सगळ्यांना एकदम पटलेली यादी मी पुन्हा एकदा तपासायला घेतली. हा लेख म्हणजे ती तपासणी.

आधी गाण्याचंच बघू. बॅनरवर सहा चेहरे शेजारी बसवता येतात. मंचावर बसवता येतील का? पहिला प्रश्न पट्टीचा. पेटीवाला कोणाची पट्टी धरणार? अमर शेखांचा आवाज मी रेकॉर्डवर ऐकलाय. तो माईकसाठी नव्हताच, मैदानासाठी होता. लांबच्या माणसाला हाक मारावी तसा तो वर जातो. त्या पट्टीत वामनदादा काय गाणार? वामनदादांचा आवाज म्हणजे बोलणाऱ्या माणसाचा आवाज. तो तुमच्याजवळ येऊन बसतो, मांडीला मांडी लावून. शब्द स्पष्ट, सूर गरजेपुरता. ह्याउलट प्रल्हाद शिंदे. कव्वालीच्या सामन्यांत तावून निघालेला गळा, शब्दाला धरून फिरवणार, सोडणार, पुन्हा पकडणार. विठ्ठल उमपांचं आणखी वेगळं. ते नुसते गात नव्हते, ते माणूस बदलत होते. 'जांभूळ आख्यान'मध्ये द्रौपदीच्या मनातली गोष्ट सांगताना त्या पुरुषाच्या अंगात बाई कुठून यायची, हे ज्यांनी बघितलंय त्यांनाच विचारा. त्यांच्या गाण्यातून डोळे आणि हात वजा केले तर अर्धं गाणं जातं.

म्हंजे सहाही जण पुढं उभे राहणारे. मुखडा धरणारे. आणि आपल्या गाण्याची खरी रीत काय आहे? शाहीर पुढं आणि त्याच्या मागं झीलकरी. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतो, 'जी जी' करत तिला लांबवतो, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढची ओळ मनात जुळवतो. झील नसेल तर पोवाडा दम लागून मरतो. माझ्या यादीत सहा शाहीर आणि झीलकरी शून्य. ढोलकीवर कोण? नाव आठवेना. तुणतुण्यावर? हलगीवर? बेंजोवर? एक नाव आठवेना. आंबेडकरी म्हणवणाऱ्या माझ्या डोक्यानं यादी करताना गाणारे वर ठेवले आणि चामडं वाजवणारे मोजलेच नाहीत. आता ही खोड मला कोणी शिकवली हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?

हलगीचं तर आणखी एक दुखणं आहे. कातडं ताणून, शेकून वाजवायचं काम गावानं ज्यांच्यावर लादलं त्यांनीच पुढं ते नाकारलं. गावकीची कामं टाकून द्या, हे बाबासाहेबांचं सांगणं ऐकून कितीतरी वस्त्यांनी पाटलाच्या दारात वाजवणं बंद केलं. बरोबर केलं. पण वाजवणारा हात गेला तेव्हा त्याचं नावही गेलं. माझ्या पार्टीत हलगी पाहिजे. वरातीपुढं चालणारी नको. मधोमध बसलेली, आणि तिच्या तालावर बाकीचे चालणारे.

सेक्रेटरी म्हणाला, "हे सगळं सपान हाय, एवढं काय चाळतोस?" सपान आहे, पण सगळंच सपान नाही. ह्यातलं अर्धं एकदा घडून गेलंय. १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक निघालं. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. तीन शाहीर, एक मंच. अण्णाभाऊ वाटेगावचे, मांग. अमर शेख बार्शीचे, मुसलमान. ह्या पार्टीनं कामगारांच्या मैदानांत जे केलं ते कुठल्या सुपरग्रुपला जमलं? तिथं मोठेपणाची पट्टी कोणी धरली नाही म्हणून ते जमलं, असं माझं मत आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं पथकावर बंदी आणली. सरकारला गाणं कळत होतं, एवढं मान्य करू. आणि दोघं गेले तेही एकामागोमाग. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ, २९ ऑगस्ट १९६९ ला अमर शेख, मोटार अपघातात. दीड महिन्याचं अंतर.

मी आमचे म्हणून अण्णाभाऊ सांगतो तेव्हा लातूरचा दोस्त हटकून म्हणतो, "ते कम्युनिस्ट होते." होते. आणि 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली तीही त्यांनीच. ज्यांना माणूस एका रंगातच पाहिजे असतो त्यांनी विलास घोगरेंकडं बघावं. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा हा शाहीर डाव्या सांस्कृतिक चळवळीत गायला. आनंद पटवर्धनच्या 'हमारा शहर'मध्ये तो झोपडपट्टीवाल्यांचं गाणं गाताना दिसतो, हातात साधं वाद्य. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, विलासनं स्वतःचा जीव दिला. जाताना डोक्याला निळं फडकं होतं. तो लाल होता का निळा, ह्यावर वाद घालणाऱ्यांनी तो जिवंत असताना त्याच्या घरी किती वेळा चहा घेतला होता? विलासला मी पार्टीत ठेवणारच. आणि त्याला एकटं बसवायचं नाही. अण्णाभाऊंच्या शेजारी बसवायचं. अण्णाभाऊंचं चिरागनगर आणि रमाबाई नगर एकाच घाटकोपरात आहे.

प्रल्हाद शिंदेंवर मात्र खोलीत जोरात भांडण झालं. परभणीचा दोस्त म्हणाला, "बावीस प्रतिज्ञा पाठ हायत का तुला? त्यांनी विठ्ठलाची गाणी गायली." गायली. आषाढी जवळ आली, तुकोबांची पालखी देहूहून निघून निगडी-आकुर्डीवरून जायला लागली की रस्त्याच्या कडेच्या मांडवा-मांडवात तो आवाज लागलेला असतो. तोच गळा भीमगीतं गायचा, हे तिथं उभ्या असलेल्या कितीजणांना ठाऊक असतं? मी दोन वर्षांमागं खोली शोधत होतो. एका घरमालकाच्या ओट्यावर सकाळी सकाळी प्रल्हाद शिंदेंचं भजन चालू होतं, मोठ्यानं, उदबत्तीच्या वासात. म्हटलं, माणूस चांगला दिसतोय. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. मग त्यानं आडनाव विचारलं. मग त्याच्या भावाचं कुटुंब अचानक गावाकडून राहायला येणार असल्याचं निघालं. भजन चालूच होतं.

गळ्याला घरात जागा आणि आडनावाला नाही. मग मी प्रल्हाददादांना दोष देऊ का त्या ओट्याला? पोटासाठी गाणाऱ्या माणसानं कोणाच्या देवाचं गायलं ह्याचा हिशेब मी करणार नाही. मला विठ्ठल नको, पण मला तो गळा पाहिजे. आमच्या पार्टीत ते भीमगीतं गातील. कव्वालीच्या अंगानं. आणि सामना असेल तर समोर वामनदादा बसतील आणि शब्दाला शब्द देतील. वामनदादांनी आयुष्यभर तेच केलं. स्वतः गायलं आणि दुसऱ्यांना गायला गाणी दिली, मोजदाद न ठेवता. मुंबईत मजुरी करताना मोठेपणी अक्षर ओळखायला शिकलेला माणूस, आणि पुढं अख्ख्या महाराष्ट्राच्या आयाबाया जात्यावर, शेतात, मोर्चात त्याच्या अक्षरावर गायला लागल्या.

इथपर्यंत आलो आणि मग खरी गोची झाली. आयाबाया म्हटलं खरं, पण पार्टीत बाई कुठाय?

सहाच्या सहा बापे. ढोलकीवाला नाही ते एकवेळ विसरलो म्हणता येईल. बाई विसरलो हे कसं म्हणणार? मंडळातली एक ताई, एका कंपनीत वायरिंगच्या लाइनीवर उभी राहून काम करते, तिनं यादी वाचली आणि परत दिली. म्हणाली, "भाऊ, आम्ही काय टाळ्या वाजवायला?" ह्यापेक्षा मोठी समीक्षा मला अजून कोणी केलेली नाही.

त्या दिवशी मी पुणे-नाशिक हायवेकडं नीट पाहिलं. चाकणच्या चौकात ट्रकची रांग लागलेली असते, आमची खोकी घेऊन ते वर जातात. हाच रस्ता धरून जा. खेड, मंचर, मग नारायणगाव. तिथल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. फडाच्या नावातच जात, लपवलेली नाही. आणखी वर जा, संगमनेरच्या अलीकडं हिवरगाव पावसा. आता तिथं टोलनाका आहे, ड्रायव्हर लोक त्यालाच ओळखतात. ते पवळाचं गाव. पवळा हिवरगावकर, महाराची पोर, गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिच्या आवाजावर मुंबई वेडी झाली होती. आणखी वर जा, सिन्नर. त्या तालुक्यातलं देशवंडी, वामनदादांचं गाव, १९२२ चा जन्म. आणि हाच नाशिक जिल्हा, जिथून भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला. आडनाव एक, माणसं दोन. ह्या कर्डकांनी जलशांवर १९७८ साली पुस्तक लिहून ठेवलं म्हणून आपल्याला आज थोडं तरी ठाऊक आहे. मी लंडन-जमैकाची यादी ऐकून घाबरलो होतो, आणि माझी अर्धी पार्टी एका हायवेवर राहत होती.

मग विठाबाई आणि पवळा यादीत का आल्या नाहीत? कारण सरळ आहे. आपल्याला लाज वाटते. तमाशा म्हटलं की आपण मान खाली घालतो. जलसा म्हटलं की वर करतो. जलशानं गण काढला, गवळण काढली, देवांच्या जागी माणसाचा प्रश्न आणला. क्रांतीच होती ती. पण जलशानं बाईही काढली. स्त्रीपात्रं पुरुषांनी केली. त्या काळात त्याला कारण होतं, ते मी समजू शकतो. बाईला नाचवण्यातूनच तर बाहेर पडायचं होतं. १९३६ च्या जूनमध्ये मुंबईत दामोदर हॉलला बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळी, देवदासी ह्यांच्या सभेत तो धंदा सोडायला सांगितलं, पोटाचं काय हा प्रश्न माहीत असून सांगितलं. आणि पवळाच्या बाबतीत तर एक गोष्ट आपल्यात सांगतात. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून महाडच्या लढ्याला पैसा देऊ केला आणि बाबासाहेबांनी तो घेतला नाही. आपल्या बाया नाचवून आलेला पैसा चळवळीला नको म्हणाले.

लातूरकर हेच म्हणाला. "बाबासाहेबांनी जे नाकारलं ते तू मंचावर बसवणार?"

मी चार दिवस गप्प होतो. खोटं कशाला बोलू, उत्तर नव्हतं. आता जे वाटतं ते लिहितो, चूक असेल तर पुढच्या अंकात मला झोडा. बाबासाहेबांनी पैसा नाकारला, आणि तो पैसा देणारा हात पवळाचा नव्हता. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जातीनं ब्राह्मण. जात सोडून महारा-मांगांच्या फडात आले, त्याची वाहवा आजही होते. त्यांच्यावर सिनेमा निघाला. सोडायला जात होती म्हणून त्यागही झाला. पवळाला काय सोडायचं होतं? तिची जात तर तिच्या नाचण्याचं कारणच होती. शेवटी दोघांचेही हाल झाले. ती १९३९ ला गेली, ते १९४५ ला. पण मेल्यावर हिशेब बघा.

लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवीची मुद्रा असते. नाव असतं. पवळानं आयुष्यभर गायलेल्या त्या लावण्यांच्या शेवटी मुद्रा कोणाची? बापूरावांची. दर रात्री, हजारो माणसांपुढं, स्वतःच्या तोंडानं ती दुसऱ्याचं नाव गात होती. गाण्यात शब्द लिहिणाऱ्याला जागा होती, गळ्याला नव्हती. तिचा आवाज आपण कोणी ऐकलेला नाही. म्हणून माझ्या पार्टीत तिला बोलवायचंय. नाचायला नाही. बसून गायला. काय गायचं ते ती ठरवेल. आणि शेवटच्या कडव्यात एकदा स्वतःचं नाव घालेल.

विठाबाईंचं तर सगळ्यांना माहीत असल्यासारखं आपण बोलतो. पोट भरलेलं असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, मधेच आत जाऊन बाळंत झाल्या, पुन्हा येऊन उभ्या राहिल्या. ही गोष्ट सांगताना लोकांचे डोळे चमकतात, जसं काही शौर्यच. मला ती गोष्ट ऐकून राग येतो. कोणत्या कारखान्यात असं झालं असतं तर आपण गेटवर बसलो नसतो का? राष्ट्रपतींच्या हातून गौरव झाला, आणि शेवटी पैशाची ओढाताण कायम. १५ जानेवारी २००२ ला गेल्या. आता सरकार त्यांच्या नावानं दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं. नारायणगावला पाडव्याच्या आधी राहुट्या पडतात, जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, फडमालक बसलेले असतात. तिथून आमचं १४ एप्रिलचं मैदान दीड तासावर आहे. आपल्यातलं कोणी कधी तिथं जाऊन, बाई, आमच्या जयंतीला या, बाबासाहेबांवरचं काही गा, असं म्हणालंय? मी तरी नाही म्हणालो.

मुद्रेवर थोडं थांबतो, कारण हा लेख मुळात त्यासाठी आहे.

मागच्या पावसाळ्यात रद्दीच्या गठ्ठ्यातून एक पुस्तिका निघाली. भीमगीतांची. पुढचं कव्हर नाही, मागचं नाही, पहिली चार पानं नाहीत, कडेनं भिजलेली. कोणाची, कुठं छापली, कशावरनं कळणार? मी पान उलटलं, गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यावर आलो, आणि तिथं 'वामन'. दुसरं गाणं, शेवटचा अंतरा, 'वामन'. माणसानं आपलं नाव कव्हरवर ठेवलं नव्हतं, गाण्याच्या आत शिवून ठेवलं होतं. ज्याचं कव्हर फाटणारच आहे, ज्याची पुस्तकं रद्दीतच जाणार आहेत, ज्याचं गाणं छापण्याआधी तोंडातोंडी जाणार आहे, त्या माणसाची ती नोंद आहे. ज्याला कागद मिळाला नाही त्यानं केलेलं रजिस्टर. बामणी समीक्षा म्हणेल, ही जुनी संतांची-शाहिरांची रूढी. असेल. आपल्याकडं येऊन ती वहिवाटीचा दाखला झाली.

आणि आता आपण काय करतो? डीजे लावतो. मी डीजेचा दुश्मन नाही. पिंपरीच्या चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर १४ एप्रिलला जेव्हा ते बॉक्स दणकतात तेव्हा माझंही अंग हलतं. ज्यांना वर्षभर मान खाली घालून मशीनपुढं उभं राहायचंय त्यांनी एक दिवस रस्ता दणाणून सोडला तर बिघडलं कुठं? माझा वाद आवाजाशी नाही. कातरीशी आहे. रिमिक्स नीट ऐका. मुखडा घेतात. मुखडा पुन्हा. मधी ठोका. पुन्हा मुखडा. जास्तीत जास्त एक अंतरा, आणि पुढच्या गाण्यात उडी. शेवटचा अंतरा कधीच येत नाही. म्हंजे नाव कधीच येत नाही. आमच्या वस्तीतल्या दहा पोरांना मी विचारलं, तू नाचतोस ते गाणं कोणाचं? एकानं डीजेचं नाव सांगितलं. दुसऱ्यानं यूट्यूबच्या चॅनेलचं. तिसरा म्हणाला, "जुनं हाय." जे रद्दीच्या गठ्ठ्यात टिकलं ते आमच्या बॉक्समधी टिकलं नाही.

माझ्याही बाबतीत एक झालं, बारकं आहे, पण सांगतो. माझी एक कविता फिरत फिरत माझ्याच मोबाइलवर परत आली. खाली लिहिलं होतं, अज्ञात. पाठवणारा म्हणाला, बघ काय लिहितात लोक. मी म्हटलं, छान आहे. तेव्हापासून मीही शेवटच्या ओळीत नाव घालायला लागलोय. आधी मला ते जुनाट वाटायचं.

तर आता माझी पार्टी अशी. पुढं पवळा आणि विठाबाई. पट्टी त्यांची धरायची, बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. तमाशातल्या बाईला वरच्या पट्टीची सवय असते, अमर शेखांना अडचण येणार नाही, वामनदादा खाली बोलतील. शब्द वामनदादांचे आणि अण्णाभाऊंचे. प्रल्हाददादा कव्वालीला. विलास एकतारीवर. झील धरायला अमर शेख आणि विठ्ठल उमप. हो, झीलच. एवढे मोठे आवाज मागं उभे राहिले तर कसं वाटेल ते एकदा ऐकायचंय मला. उमपांना मागं उभं करतो म्हणून कोणी रागावू नका. तो माणूस २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर मंचावरच गेला, बुद्धाचं-भीमाचं नाव घेत. त्याला पुढची जागा पाहिजेच असं नव्हतं, मंच पाहिजे होता. ढोलकी आणि हलगी मधोमध. वाजवणाऱ्याचं नाव मला माहीत नाही, म्हणून बॅनरवर त्या दोन चौकटी मोकळ्या सोडायच्या. कोणाच्या आज्याचं, चुलत्याचं नाव असेल तर त्यानं येऊन खडूनं लिहावं. जागा देहूरोड. तिथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली, दर वर्षी त्या दिवशी माणसं लोटतात. आमच्यापासून जवळ, आणि पवळानंही बघावी अशी जागा.

अप्रेंटिस पोराला ही यादी सांगितली. त्यानं कानातलं बोंड काढलं आणि विचारलं, "ह्यांचं कायतरी लाव की." मी प्रल्हाद शिंदे लावले, मग उमप. पवळाचं काय लावणार? तो म्हणाला, मग तिला ग्रुपमधी का घेतलं? त्याचं बरोबर होतं, पण मी यादी बदलली नाही.

मागच्या रविवारी वर्गणीची मीटिंग झाली. नाणेकरवाडी, खराबवाडी, मेदनकरवाडी, तिन्हीकडची पोरं होती. बरीचशी आमच्यासारखी, ठेकेदाराची. डीजेचा आकडा ऐकून मी म्हटलं, ह्याच्या चौथाईत एक गायन पार्टी येते, ढोलकी-पेटीसकट, रात्रभर. हसले. मग ताई उठली. ती बोलली तेव्हा कोणी हसलं नाही. शेवटी असं ठरलं की मिरवणुकीला डीजे आणि त्याआधी संध्याकाळी दोन तास गायन पार्टी, पार्टीत बाई गाणारी पाहिजे, आणि वाजवणाऱ्यांची नावं पत्रिकेवर छापायची. बॅनरचा निकाल लागला नाही. पवळाचा फोटो कुठून आणायचा ह्यावर अडलंय.

डीजेवालाही आला होता, ॲडव्हान्स घ्यायला. पोरगा आपल्यातलाच, हातात पेनड्राइव्ह. मी त्याला म्हटलं, वामनदादांचं गाणं लावशील तेव्हा एकदा तरी शेवटचा अंतरा पूर्ण वाजव. तो म्हणाला, "दादा, वाजवला असता, पण माझ्या ट्रॅकमधी तो हायेच नाही. कुठं मिळंल?" पुस्तिका माझ्या खिशात होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवतो, आणखी भिजू नये म्हणून. त्यानं ते पान उघडलं, मोबाइलवर फोटो काढला, आणि तिथंच उभ्या उभ्या, बोट ठेवून, हळूहळू वाचायला लागला.